उकंडाजींची हराळी

उकंडाजींना फुटबॉल कळत नसे, हे मी वेगळं सांगायची गरज नाही. ते स्वतःच गावभर सांगत. सामना सुटला की आम्ही खेळाडू घाम पुसत बाहेर यायचो, आणि ते धोतराचा सोगा सावरत पुढे येऊन म्हणायचे, "मले त काही समजलं नाई बुवा, पन झालं बेस!" आम्ही जिंकलो तरी हेच आणि हरलो तरी हेच. एकदा वाशीमच्या संघाने आम्हाला पार धुऊन काढलं. आमचे करीम मास्तर मान खाली घालून बसले होते. उकंडाजींनी त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "झालं बेस!" करीम मास्तर त्यानंतर कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. ते का बोलत नाहीत, हेही उकंडाजींना समजलं नाही.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधीची ही गोष्ट. मी तेव्हा कारंज्याला शाळेत मास्तर होतो आणि क्लबात हाफबॅक खेळायचो. क्लब म्हणजे तरी काय, एक चामड्याचा चेंडू, त्यातला ठिगळं लावलेला ब्लॅडर, हौशी अनवाणी गडी आणि करीम मास्तर. करीम मास्तर शाळेचे ड्रिलमास्तर. तरुणपणी ते कामठीच्या छावणीत नोकरीला होते, तिथे गोऱ्या सोल्जरांचे सामने त्यांनी पाहिले होते, आणि तेवढ्या शिदोरीवर त्यांनी आम्हा सगळ्यांना उभं केलं होतं. त्यांच्या प्रत्येक वाक्यात कामठी यायची. आम्ही मागे हसायचो, पण त्यांच्यासमोर कुणाची टाप नव्हती.

उकंडाजी जातीचे माळी. गावालगत त्यांचा भाजीपाल्याचा मळा होता, आणि मंगरूळच्या रस्त्याला नाल्याकाठी एक वावर. बुटके, रापलेले, डोक्याला मळकं मुंडासं आणि कानात सोन्याची बाळी. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईने जन्मल्याबरोबर उकिरड्यावर लोळवून हे नाव ठेवलेलं. "मी कचऱ्यातून आलो," असं ते मोठ्या अभिमानाने सांगत.

आमच्यात ते आले तेही चेंडूमुळेच. तेव्हा आम्ही बैलबाजाराच्या मैदानावर खेळायचो. बाजाराच्या दिवशी तिथे बैल बांधत, बाकीच्या दिवशी खुंट्या तशाच राहत, आणि त्या खुंट्यांना ठेचकाळत आमचा खेळ चाले. एका संध्याकाळी आमच्या गड्याने मारलेला चेंडू थेट उकंडाजींच्या वांग्यांच्या टोपलीत जाऊन पडला. दुसरा कुणी असता तर त्याने आमच्या सात पिढ्या काढल्या असत्या. हा माणूस चेंडू हातात घेऊन इतका वेळ दाबून, हुंगून पाहत बसला की खेळ थांबला. मग त्यांनी विचारलं, "हे फेकाचं कोनीकडं?" तिथून पुढे रोज संध्याकाळी टोपलीसकट ते मैदानाच्या कडेला हजर.

पाहणं म्हणजे नुसतं पाहणं नव्हे. ते ओरडत. "तासात चाल रे, तासात!" तास म्हणजे नांगराची सरळ रेघ. आमचा फॉरवर्ड कुणाला चुकवायला तिरका पळाला की उकंडाजींचा जीव वरखाली होई. "आडवा कायले जातं बे? बैल भडकला का तुह्या?" आणि हाफटाइमनंतर बाजू बदलल्या की सगळाच घोळ. मघाशी ज्या गोलात चेंडू घालायचा, तोच आता राखायचा, हे त्यांच्या गळी काही उतरेना. प्रतिपक्षाने आमच्यावर गोल केला की हे मुंडासं उडवून नाचत. शेवटी त्यांनी आपल्यापुरता तोडगा काढला. हाफटाइम झाला की टोपली डोक्यावर घेऊन तेही मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसत. यामुळे नेमका काय फायदा होई, देव जाणे, पण निदान चुकीच्या वेळी नाचणं थोडं कमी झालं.

करीम मास्तरांनी एकदा त्यांना ऑफसाइड शिकवायचं मनावर घेतलं. उकंडाजींच्याच टोपलीतली वांगी आमची, मिरच्या प्रतिपक्षाच्या, लिंबू म्हणजे चेंडू. वांगं लिंबाच्या आणि मिरच्यांच्या पुढे जाऊन उभं राहिलं तर गुन्हा, असं मास्तरांनी मातीत रेघा ओढून समजावलं. उकंडाजी बराच वेळ त्या वांग्याकडे पाहत राहिले.

"म्हंजे मास्तर, त्यानं मागं राहाव?"

"पुढे जाव, मगर पहिलेसे नाही."

"आता पाहा, मी बजारात पहिलेच जाऊन बसतो. मागून गेलं त जागा भेटत नाई. मंग मी गुन्हेगार हाय का?"

करीम मास्तरांनी लिंबू त्यांच्या हातात दिलं आणि ते उठून गेले.

अशातच बाजारवाल्यांनी निरोप धाडला, की बाजार वाढतो आहे, मैदानावर आता कायमच्या दावणी बांधणार, तुम्ही आपलं दुसरीकडे बघा. झालं! कापूसबाजारासमोरच्या चहाच्या दुकानात रोज संध्याकाळी नव्या मैदानाची चर्चा सुरू झाली. मैदान कुठेच नव्हतं, पण चर्चा अशी की जणू उद्या सकाळी बांबू रोवायचे. करीम मास्तर म्हणत, गोल दक्षिणेला आणि उत्तरेला हवेत, म्हणजे मावळतीचं ऊन गोलकीपरच्या डोळ्यांत जात नाही. शामराव अर्जनवीसांनी जन्मात चेंडूला पाय लावला नव्हता, पण गोल पूर्व-पश्चिमच हवेत म्हणून ते टेबलावर मूठ आपटत. का हवेत, ते त्यांनाही सांगता येत नसे. त्यात करीम मास्तरांना मैदानं दोन हवी होती: एक मोठं सामन्याचं आणि शेजारी एक लहान, नुसत्या सरावाचं. कामठीला तसंच होतं म्हणे.

उकंडाजी बशीतला चहा फुंकत ऐकत होते. "म्हंजे एक खेळाले?"

"हां."

"अन् दुसरं?"

"खेळायची सवय कराले."

"मंग सवय झाल्यावर त्या दुसऱ्याचं काय करान?"

यावर सगळे हसले. चर्चा पुन्हा दक्षिणोत्तर आणि पूर्व-पश्चिम यांत अडकली. उकंडाजींनी बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "माह्यं नाल्याकडचं वावर घ्या."

शामरावांची मूठ हवेतच राहिली. वावर द्यायचं म्हणजे काही चहा पाजणं नव्हे. मीच विचारलं, "उकंडाजी, पिकतं वावर आहे. का देताय?"

ते जरा गोंधळले. आपण असं का बोललो, हे त्यांनाही नीटसं ठाऊक नसावं. मग म्हणाले, "जलमभर राबलो मास्तर त्या वावरात. माह्या बापबी राबला. पन तिथं कोनी हासताना मी नाई पाह्यलं. तुमी पडता, झडता, अन् हासता. खेळा तिथं. कागद-बिगद काही करू नका. मी मनलं म्हंजे झालं."

मी तेव्हा मान फिरवून रस्त्याकडे पाहिलं. डोळे भरून आले होते, आणि शामरावांसमोर ते दाखवायचे नव्हते.

चैत्रात आम्ही वावरात उतरलो. मधल्या धुऱ्याने, म्हणजे बांधाने, त्याचे आधीच दोन तुकडे झालेले, तेव्हा मोठं मैदान आणि लहान मैदान आपोआप मिळालं. उकंडाजींनी स्वतः वखर घातला, फळी फिरवली, ढेकूळ राहू दिलं नाही. गोल दक्षिणोत्तर ठरले. शामराव रुसून दोन दिवस चहाला आले नाहीत. सगळं झाल्यावर उकंडाजींनी हात झटकून विचारलं, "आता पेराचं काय?"

करीम मास्तर म्हणाले, "गवत."

उकंडाजी हसले. मास्तर हसले नाहीत. काळ्या मातीत नुसतं खेळलं तर पावसाळ्यात पाय पोटरीपर्यंत रुतेल आणि उन्हाळ्यात भेगांत मोडेल, म्हणून हिरवळ पाहिजे, आणि ती हराळीची, असं त्यांनी सांगितलं. उकंडाजींच्या चेहऱ्यावर जे काही उमटलं ते मी विसरू शकत नाही. हराळी म्हणजे शेतकऱ्याची वैरीण. उपटावी तिथे तुटते आणि तुटेल तिथे पुन्हा फुटते. वाळवून टाकली तरी थेंबभर पाण्यावर उठून बसते.

"माह्या बापाची कंबर हराळी खनू खनू वाकली," ते हळूच म्हणाले. "अन् तुमी मले ती लावाले सांगून राह्यले?"

"तुमच्याच भल्यासाठी..." मास्तर सुरू झाले, पण उकंडाजींनी मान डोलावली होती. समजलं नव्हतंच. शब्द दिला होता, एवढं त्यांना पुरेसं होतं.

मृगात आम्ही सगळ्यांनी मिळून हराळी लावली. शेजारच्या शेतकऱ्यांनी ती धुऱ्यावरून हौसेने उपटून दिली; गाड्या भरून हराळी नेणारा माणूस त्यांनी कधी पाहिला नव्हता. आणि मग उकंडाजींचे हाल सुरू झाले. वावर रस्त्याला लागून. आसेगावकडून बाजाराला येणारे गाडीवाले बैल थांबवून विचारत, "काहून हो उकंडाजी, वावर पडीत टाकलं काय?" हातात विळा घेतलेल्या माळ्याच्या वावरात वीतभर हराळी म्हणजे चारचौघांत अब्रूच गेली. मी लावली, असं सांगायची त्यांना लाज वाटे. म्हणून ते सांगत, "तब्येत बरी नाई." पुढे पुढे तर रस्त्यावर गाडी दिसली की ते मुंडासं डोळ्यांपर्यंत ओढून नाल्यात उतरत.

घरीही त्यांनी खरं सांगितलं नाही. वावर पोरांना खेळायला दिलं, एवढंच मंजुळाबाईंना माहीत. त्या त्यांच्या बायको, मळा त्याच बघत, आणि भाजी विकता विकता नाल्याकडे जायला त्यांना सवड नसे. मी एकदा म्हटलं, "अहो, काकूंना सांगून टाका." तर म्हणाले, "काय सांगू मास्तर? मलेच समजलं नाई, तिले काय समजावू?"

इकडे आजाराची बातमी गावोगाव पोचली. लोक घरी चौकशीला येऊ लागले. मंजुळाबाई बुचकळ्यात. नवरा तर दोन वेळा भाकरी हाणत होता! पण येणारा प्रत्येक जण सांगे, की नाल्याकडच्या वावरात हराळी माजली आहे, उकंडाजींना आताशा झेपत नाही वाटतं. त्या बाईच्या मनात काय काय आलं असेल! नवरा काही दुखणं लपवतो आहे, अशी तिची खात्री पटली. त्यात पोळ्यानंतर मंगरूळच्या संघाशी नव्या मैदानावर पहिला सामना ठरलेला. बाहेरगावचे पाहुणे येणार आणि आपल्या वावरात असा अवतार!

पोळा झाला आणि उकंडाजी लेकीला आणायला केनवडला गेले. आम्हीही सामन्याआधी गवत तुडवायला नको म्हणून तिकडे फिरकलो नव्हतो. मंजुळाबाईंनी निंदणाऱ्या, तण काढणाऱ्या बाया गोळा केल्या आणि मोठं मैदान, लहान मैदान, सगळं निंदून लख्ख केलं. एक काडी म्हणून ठेवली नाही. हराळीचे ढीग धुऱ्यावर रचले आणि वर गोलांच्या बांबूंना हळदकुंकू लावलं.

आम्ही मैदानाच्या रेघा आखायला गेलो, तेव्हा करीम मास्तरांनी ते पाहिलं आणि ते मैदानाच्या मधोमध मटकन खाली बसले. त्यांच्या तोंडून कामठीसुद्धा निघेना. मंजुळाबाई पदर खोचून उभ्या. "अजून राह्यलं का काही, मास्तर?"

तेवढ्यात रस्त्यावर बैलगाडी थांबली. उकंडाजी लेकीला घेऊन केनवडहून परतले होते. ते धुऱ्यावर आले, आणि समोर पाहिलं मात्र, त्यांचा चेहरा असा उजळला, की देव भेटला असता तरी एवढा उजळला नसता. स्वच्छ, काळंभोर, निंदलेलं वावर. त्यांचंच वावर. किती दिवसांनी त्यांनी रस्त्याकडे पाठ न करता मान वर केली. आणि मग त्यांना आठवलं. मास्तर मधोमध बसलेले दिसले, धुऱ्यावरचे ढीग दिसले, बायकोचा कौतुकाची वाट पाहणारा चेहरा दिसला. आनंद करावा की बोंब मारावी, हे त्या माणसाला ठरवता येईना. तोंड अर्धं हसत होतं आणि अर्धं रडत होतं.

"तुमची तब्येत बरी नाई मनून म्याच केलं," मंजुळाबाई म्हणाल्या.

"बरी हाय व माही तब्येत," उकंडाजी कसेबसे म्हणाले. "हे गवत... हे म्याच लावलं होतं."

त्या बायकोच्या नजरेचं वर्णन मला जमणार नाही. आजवर मनात होतं ते दुखणं आता तिला समोर दिसलं. ते डोक्यात होतं! करीम मास्तर उठले आणि त्यांनी त्या दोघांना सगळं पहिल्यापासून समजावलं. रुतणारा पाय, भेगा, हिरवळ, कामठी. मंजुळाबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग ढिगातली एक मुळी उचलून नखाने सोलून पाहिली. आत हिरवी होती.

"मंग रडता कायले?" त्या म्हणाल्या. "हराळी कधी मरते का? चाला व बायांनो, लावा परत!"

बाया हसून हसून बेजार. गवत काढायला त्यांना सगळ्यांनी बोलावलं होतं, लावायला आजवर कुणी बोलावलं नव्हतं. चिखलात वाकून, एकमेकींना ढकलत, त्यांनी हराळी परत लावली, आणि उकंडाजी मधेच उभे राहून त्यांच्याकडे पाहत होते. त्या वावरात माणसं हसत होती.

सामना महिनाभर पुढे गेला. झाला तेव्हा बरोबरीत सुटला. कुणीच जिंकलं नाही, हे ऐकून तर उकंडाजी पुरते चक्रावले. "इतकं पळून?" ते म्हणाले. आणि मग अर्थातच म्हणाले, झालं बेस.

पुढे माझी रिसोडला बदली झाली. लढाई सुरू झाली, धान्य मिळेनासं झालं. मंजुळाबाई गेल्याचं कानावर आलं. एका दिवाळीच्या सुट्टीत मी कारंज्याला गेलो, तर करीम मास्तर मला धरून थेट नाल्याकडे निघाले. दाढी पांढरी झाली होती, चाल तीच. वाटेत त्यांनी सांगितलं, की उकंडाजींना आता काही आठवत नाही. कधी ते मैदान म्हणतात, कधी वावर म्हणतात. मुलगा महादेव याला तिथे हरभरा पेरायचा आहे. महादेव माणूस वाईट नव्हता. घरात खाणारी तोंडं वाढलेली, आणि जवारीसाठी वणवण. पण त्याचं म्हणणं एकच, "बाबानं मनलं होतं मनून मैदान झालं. बाबा मनतीन तवाच मोडीन." कागद नव्हताच. मैदान उभं होतं ते त्या म्हाताऱ्याच्या शब्दावर, आणि म्हाताऱ्याचा शब्द रोज बदलत होता.

आम्ही पोचलो तेव्हा महादेव बैल आणि वखर घेऊन धुऱ्यावर उभाच होता. मैदानात गडी खेळत होते, त्यांतला एकही माझ्या ओळखीचा नव्हता. उकंडाजी कडेला हिरवळीवर बसले होते, अगदी वाळून गेलेले. त्यांचा हात मात्र चालू होता. हाताला लागेल ती हराळी ते मुळासकट उपटत होते आणि शेजारी ढीग करत होते. बाजूला चांगलं ताटाएवढं टक्कल पडलं होतं.

मी जवळ बसलो. त्यांनी मला निरखलं. "मास्तर ना तुमी? हे वावर कोनाचं हो, मास्तर?"

"तुमचंच."

"मंग इतकी हराळी काहून माजली? लोकं काय मनतीन?"

महादेव पुढे आला. घसा खाकरून त्याने विचारलं, "बाबा, घालू का वखर?"

"घालाच लागते," उकंडाजी म्हणाले. "हे काय वावर हाय का?"

करीम मास्तरांनी डोळे मिटले. महादेवही काही खूश दिसला नाही. मान खाली घालून तो बैलांकडे वळला आणि त्याने कासरा हातात घेतला.

तेवढ्यात खेळता खेळता एक गडी चेंडूऐवजी हवेलाच लाथ मारून उताणा पडला. सगळे खो खो हसले. पडलेलाही हसला.

उकंडाजींचा हात थांबला. त्यांनी मान वळवून ऐकलं. बराच वेळ ऐकलं. मग हातातल्या मुळीकडे पाहिलं, ती कुणी त्यांच्या हातात दिली असावी तसं. अंगठ्याने त्यांनी मातीत भोक पाडलं, मुळी त्यात खोचली, आणि मिरचीचं रोप लावावं तशी भोवतीची माती दाबली. मग ढिगातली दुसरी उचलली. मग तिसरी.

महादेव कासरा धरून पाहत उभा होता. त्याने पुन्हा काही विचारलं नाही. बैल फिरवले आणि वखर घेऊन तो घराच्या वाटेला लागला.

"मले त काही समजलं नाई बुवा," उकंडाजी मातीकडे पाहत पुटपुटले, आणि पुढचे शब्द त्यांना सापडेनात. ओठ नुसते हलत राहिले.

करीम मास्तर त्यांच्याशेजारी गुडघे टेकून बसले आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "पन झालं बेस, उकंडाजी. झालं बेस."